कॉईलवाल्या नवसाबाई

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत कायम बंद असलेलं एक शटर आहे. त्याच्या पायरीवर रोज दहाच्या सुमाराला नवसाबाई भोये येऊन बसतात. पुढ्यात पोत्याचा तुकडा, त्यावर पक्कड, दोन पेचकस, अभ्रकाचे पातळ कागदासारखे तुकडे आणि तारेची गुंडाळी. बाजूला चार-सहा इस्त्र्या आणि एखादी शेगडी पडलेली. शेजारच्या पूजासाहित्याच्या दुकानदाराने आपल्या बोर्डावरून त्यांना एक वायर ओढून दिली आहे. दुरुस्त झालेली वस्तू गिऱ्हाइकासमोर तापवून दाखवायला तेवढी पुरते.

नवं गिऱ्हाईक आलं की बहुतेक वेळा एकच प्रसंग घडतो. माणूस इस्त्री हातात धरून इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, "मावशी, मेस्तरी कुठं गेले?"

"आलेत," नवसाबाई म्हणतात. "द्या इकडं."

गिऱ्हाईक इस्त्री देतं आणि तरी मेस्तरीची वाट बघत उभंच राहतं. तोवर नवसाबाईंनी खालचे स्क्रू काढून तळ मोकळा केलेला असतो.

नवसाबाई मूळच्या पेठकडच्या, डोंगरातल्या एका पाड्यावरच्या. आईवडिलांना फार नवसाने झालेली मुलगी, म्हणून हे नाव. लग्न झालं ते बुधाशी. पावसाळाभर भात आणि नागली, दिवाळी सरली की दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत मजुरी, असं दोघांचं वर्ष चालायचं. एके वर्षी बुधाला सातपूरला एका रोपवाटिकेत कायमचं काम मिळालं आणि दोघं पेठ रोडला खोली घेऊन राहिली. बुधाचा झाडांवर जितका जीव, तितकी विजेची धास्ती. घरातला दिवा लावायचा तर अजूनही तो पायात चप्पल घालतो आणि लाकडी लाटण्याने बटण दाबतो. अशा माणसाची बायको पुढे विजेच्या वस्तू दुरुस्त करू लागेल, हे त्या दोघांपैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

नवसाबाईंना पहिलं काम मिळालं ते झाडलोटीचं. सातपूरलाच ललितशेठ नावाच्या माणसाचा एक लहानसा कारखाना होता. तिथे शेगड्या, इस्त्र्या आणि पाणी तापवायच्या रॉडच्या कॉईल बनत. सहा बाया ओळीने बसून सळईवर नायक्रोम या मिश्रधातूची तार गुंडाळत. गुंडाळली की तिची घट्ट स्प्रिंग होई. मग ती स्प्रिंग दोन्ही हातांनी ओढून शेगडीच्या खाचेत बसेल इतकी लांब करायची. दिसायला सोपं, पण सगळी मेख याच ओढण्यात होती. ओढताना सगळे वेढे सारख्या अंतरावर यायला हवेत. कुठे दाटीवाटी झाली तर शेगडी लावल्यावर तेवढाच भाग डोळे दिपवील असा पेटतो आणि थोड्या दिवसांत तिथेच तार तुटते.

एके दिवशी दोन बाया आल्या नाहीत. माल तर पाठवायचा होता. ललितशेठनी केरसुणी घेऊन उभ्या असलेल्या नवसाबाईंना बसवलं. त्यांनी पहिली कॉईल ओढली ती ललितशेठनी पट्टी लावून पाहिली. मग दुसरी, मग तिसरी. वेढ्यावेढ्यातलं अंतर आखल्यासारखं सारखं होतं.

"कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं.

"आवणीत," नवसाबाई म्हणाल्या.

भाताची रोपं लावताना पाठीमागे सरकत, न बघता, दोन रोपांत सारखं अंतर ठेवायची बोटांना जी सवय लागलेली असते, ती तारेवर चालली होती. दुसऱ्या दिवसापासून केरसुणी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेली.

नवसाबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण डोकं स्वस्थ बसू देणारं नव्हतं. महिनाभर काम केल्यावर त्यांनी शेठना गाठलं. "शेठ, एक सांगा. वीज बोर्डातून निघती, वायरीतून येती, कॉईलीत जाती. वीज एकच हाय ना? मग वायर थंडगार आन कॉईल लालभडक, असं कसं?"

ललितशेठ हातातला चहा संपेपर्यंत विचार करत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही पेठ रोडवरून सकाळी चालत येता. घाम येतो?"

"नाय."

"आणि सणाच्या दिवशी रामकुंडाकडच्या गल्लीतून जायचं झालं तर?"

नवसाबाई हसल्या. त्या गल्लीत हातगाड्या, स्कूटर, रिक्षा, नारळवाले, यात्रेकरू. पन्नास पावलं जायची तर धक्के खात, अंग चोरत, घामाघूम होऊन माणूस बाहेर पडतो.

"तांब्याची वायर म्हणजे पेठ रोड," शेठ म्हणाले. "वीज आरामात जाते. नायक्रोम म्हणजे ती गल्ली. वीज तेवढीच, पण वाटेत अडवणूक. रेटारेटी झाली की उष्णता. आपण सगळे त्या रेटारेटीवर जेवतो."

एवढं ऐकलं आणि नवसाबाईंना कामात निराळीच गोडी वाटू लागली. कुठल्याही तारेकडे बघितलं की ती रुंद रस्ता की अरुंद गल्ली, हा प्रश्न पडायचा. अठरा वर्षं त्यांनी तिथे काढली. या काळात त्या कॉईल ओढण्यापासून रॉडमध्ये वीज अडवणारी पांढरी भुकटी ठासून भरण्यापर्यंत, आणि इस्त्रीचा थर्मोस्टॅट बसवण्यापासून मीटर लावून तपासण्यापर्यंत सगळं शिकल्या. अक्षर ओळखता येत नव्हतं, आकडे मात्र चोख येऊ लागले.

मग ललितशेठचे गुडघे गेले, मुलं परदेशी स्थिरावली आणि कारखाना बंद झाला. शेवटच्या दिवशी शेठनी बायांना विचारलं, कुणाला काय हवं. कुणी पंखा नेला, कुणी खुर्ची. नवसाबाईंनी कॉईल गुंडाळायचं हाताचं यंत्र आणि मीटर मागितलं.

"घरी काय करणार त्याचं?"

"घरी नाय. रस्त्यावर बसनार."

बुधाने दोन दिवस तोंड पाडून काढले. तिसऱ्या दिवशी त्यानेच सायकलवर यंत्र बांधलं आणि पंचवटीत नेऊन ठेवलं. फक्त ते उतरवताना त्याने हाताला पोतं गुंडाळलं होतं, यंत्राला विजेची वायर नसतानासुद्धा.

पहिले पंधरा दिवस कुणी फिरकलं नाही. मग आला पुंजाराम. त्याची पलीकडच्या चौकात लाँड्री, आणि त्याची सात किलोची इस्त्री दर दोन महिन्यांनी बंद पडायची. नेहमीचा मेस्तरी गावाला गेलेला, लग्नसराई तोंडावर, तेव्हा नाइलाजाने तो या पायरीशी थांबला. नवसाबाईंनी इस्त्री उघडली, जळलेली कॉईल बाहेर काढून त्याला दाखवली.

"हे बघा. हितं दाटी झाली व्हती. प्रत्येक बारीला हितंच तुटती ना?"

पुंजारामने मान डोलावली. नवसाबाईंनी नवी कॉईल ओढून बसवली. ती दोन महिन्यांनी तुटली नाही, वर्षानेही नाही. पुंजारामकडे रोज शंभर घरांचे कपडे येतात आणि त्याला बोलायची हौस आहे. त्यानंतर नवसाबाईंना गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात नाशिकला कडाक्याची थंडी पडली होती. एका सकाळी करड्या केसांच्या, चष्मा लावलेल्या एक बाई पायरीपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मेस्तरी कुठे आहेत असं विचारलं नाही. "नवसाबाई तुम्हीच ना? पुंजारामनी पाठवलंय. गिझरचं काम करता?"

"करती की. आना."

"आणू कसा? भिंतीवर आहे."

दोघी हसल्या. नवसाबाईंनी पिशवीत सामान भरलं आणि त्यांच्या मागे निघाल्या.

बाईंचं नाव ज्योत्स्ना गांगुर्डे. बुद्धविहाराजवळच्या कॉलनीत त्यांचं दुमजली घर होतं. यजमान सरकारी कचेरीत होते, ते वारले. मुलगा बंगळूरला. घर मोठं वाटू लागलं तेव्हा ज्योत्स्नाताईंनी कॉलेजात शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह सुरू केलं. सटाणा, नांदगाव, सुरगाणा अशा ठिकाणच्या चौदा मुली तिथे राहत होत्या. त्या वर्षी मुली वाढल्या म्हणून वरच्या मजल्यावर दुसरा गिझर बसवला होता. तोच तापत नव्हता.

"नवाकोरा आहे," ज्योत्स्नाताई जिना चढताना म्हणाल्या. "पण तासभर लावला तरी पाणी धड गरम नाही. शेवटी अंघोळ करणाऱ्या मुली तर कुडकुडत बाहेर येतात."

नवसाबाईंनी बटण बंद करून गिझर उघडला आणि कॉईलला मीटर लावलं. काटा थांबला तो आकडा त्यांनी वाचला. "सव्वीस. कॉईल ठनठनीत हाय."

ज्योत्स्नाताईंनी क्षणभर वर बघितलं, ओठ हलवले आणि म्हणाल्या, "सव्वीस ओहम म्हणजे दोन हजार वॅट. गिझरवर तेवढंच लिहिलंय. बरोबर आहे."

आता नवसाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "मॅडम, तुमी नुसत्या आकड्यावरनं वॅट कसं काय सांगितलं?"

"मी शाळेत विज्ञान शिकवायची. एकतीस वर्षं. विजेने उष्णता कशी होते तो धडा दर वर्षी दहावीला."

"मग तुमाला तर सगळं म्हाईत असनार."

"फळ्यावरचं," ज्योत्स्नाताई म्हणाल्या. "गिझर आतून आज पहिल्यांदा बघतेय."

नवसाबाईंनी गिझरचं झाकण लावलं, बटण सुरू केलं आणि पॅसेजमधल्या दिव्याकडे बघत उभ्या राहिल्या. गिझर लागला की दिवा मंदावत होता. खालचा गिझरही लावला तेव्हा आणखी मंद झाला. त्यांनी बोट वर केलं. "वीज हितवर पोचायच्या आधीच वाटंत कुठंतरी तापतीया. वायर कुठनं आनलीय?"

वायर कुठून आणलीय हे ज्योत्स्नाताईंना सांगता येईना. वायरमनने भिंतीतून नेली होती. मग नवसाबाई जिन्यावरून हळूहळू खाली उतरू लागल्या, हाताची उलटी बाजू भिंतीच्या जवळ धरून, लहान मुलाचा ताप बघावा तसं. ज्योत्स्नाताई मागोमाग. खालच्या पॅसेजमध्ये चपलांचं कपाट होतं. त्याच्यावर चटईच्या तुकड्यावर, भिंतीला पाठ लावून, एक पिवळी मांजर झोपली होती.

"ही आमची पिंकी," ज्योत्स्नाताई म्हणाल्या. "मुलींची लाडकी. थंडी सुरू झाल्यापासून इथून हलत नाही. म्हणून चटई घातलीय."

"मागल्या साली कुठं बसायची?"

"मागच्या वर्षी..." ज्योत्स्नाताई आठवू लागल्या. "स्वयंपाकघरात. ओट्याखाली."

नवसाबाईंनी पिंकीला दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवलं. तिने फार मनाविरुद्ध जागा सोडली. तिची पाठ जिथे टेकत होती तिथे त्यांनी हात नेला. भिंत नुकत्याच तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी ऊबदार होती.

"मॅडम, मेन स्विच कुठंय? आधी तो बंद करा. लगीच."

आवाजातला फरक ओळखून ज्योत्स्नाताई धावतच गेल्या. घर अंधारलं. वरून दोन-तीन मुलींनी "लाईट गेली" म्हणून हाक दिली. नवसाबाईंनी कपाट सरकवलं. मागे भिंतीत लाकडी झाकणाची एक पेटी होती. झाकणाच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. स्क्रू काढून ते उघडल्यावर जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. आत दोन वायरी नुसत्या पिळून जोडल्या होत्या, वरची चिकटपट्टी वितळून काळी पडली होती, आणि झाकण आतून कोळशासारखं झालं होतं.

"ही दिव्याची वायर हाय," नवसाबाई म्हणाल्या. "दिव्यापुरती बारीक. तिलाच तुमच्या वायरमननी गिझर जोडला. जोडबी सैल ठेवला. पानी तापायच्या ऐवजी ही भिंत तापत व्हती."

"पण मग फ्यूज का नाही उडाला?"

"तेच बघायचंय."

मीटरजवळचा चिनीमातीचा फ्यूज नवसाबाईंनी ओढून काढला आणि ज्योत्स्नाताईंच्या तळहातावर ठेवला. केसासारखी बारीक तार असायची तिथे पाच-सहा पदरांची जाड तांब्याची तार कसून आवळली होती.

ज्योत्स्नाताई ती तार बघतच राहिल्या. "सनीने घातली," त्या सावकाश म्हणाल्या. "वायरमनने. दुसरा गिझर लावल्यावर फ्यूज रोज उडायचा. मी त्याला रागावले. तो म्हणाला, मॅडम, असा करून देतो की जन्मात उडणार नाही."

"खरं बोलला," नवसाबाई म्हणाल्या. "घर जळालं असतं, पर फ्यूज उडाला नसता."

ज्योत्स्नाताई जिन्याच्या पायरीवर बसल्या. वर चौदा पोरी झोपत होत्या, आणि रात्रीही कुणीतरी अभ्यास करताना गिझर लावून ठेवी. नवसाबाई त्यांच्याजवळ बसल्या. त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली. घोटभर पाणी पिऊन ज्योत्स्नाताई एकाएकी हसायला लागल्या. इतक्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

"काय झालं मॅडम?"

"फ्यूजमध्ये जाड तार का वापरू नये?" ज्योत्स्नाताई डोळे पुसत म्हणाल्या. "दोन मार्कांचा प्रश्न. एकतीस वर्षं मी तो विचारत आले. ज्यांना आला नाही त्यांना वर्गाबाहेर उभं केलं. आणि स्वतःच्या घरात सनीला चहा पाजून तीच तार घालून घेतली. मला किती मार्क द्याल, नवसाबाई?"

"तुमी येऊन इचारलं तरी," नवसाबाई म्हणाल्या. "अर्धा द्येती."

त्या दिवशी नवसाबाईंनी वरच्या गिझरची वायर सोडवून ठेवली, जळका भाग कापून दिव्यांचा जोड नीट केला आणि फ्यूजमध्ये बारीक तार घातली. वरच्या गिझरसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर ओढायची आणि ते काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं, हे त्यांनी तीनदा बजावलं. "मी कॉईलवाली. भित्तीतलं काम माझं नाय." आठवडाभर चौदा मुलींनी एका गिझरवर पाळीपाळीने अंघोळी केल्या. रांगेचा तक्ता ज्योत्स्नाताईंनी दारावर लावला आणि त्याच्या खाली फ्यूजची आकृती काढली. पिंकीने त्या भिंतीशी दोन दिवस बसून पाहिलं, मग ती मुकाट ओट्याखाली गेली.

चौथ्या दिवशी ज्योत्स्नाताई स्वतःची इस्त्री घेऊन गल्लीत हजर झाल्या.

"बिघडली?" नवसाबाईंनी विचारलं.

"नाही. चांगली चालते. उघडून दाखवा मला."

नवसाबाईंनी पोत्यावर त्यांना जागा करून दिली. त्या दिवशी ज्योत्स्नाताईंनी आयुष्यात पहिल्यांदा थर्मोस्टॅट बघितला. दोन धातूंची जोडलेली पट्टी तापली की वाकते, संपर्क सुटतो, थंड झाली की पुन्हा टेकते. त्यांनी ती काडीपेटीच्या काडीने तापवून चार वेळा वाकवून पाहिली. हे सगळं त्यांना पाठ होतं, तरी प्रत्येक वेळी त्या मान पुढे करून बघत होत्या. नंतर त्यांनी एक कॉईल ओढायला घेतली आणि तिची अशी काही दशा केली की नवसाबाईंना हसू आवरेना.

"ही शेगडीत घातली तर पाच मिनिटांत तुटंल."

"कुठून तुटेल?"

"हितनं," नवसाबाईंनी दाटीच्या जागी बोट ठेवलं. लावून पाहिली. पाच मिनिटंही लागली नाहीत. कॉईल अगदी तिथेच पांढरी झाली आणि तुटली. ज्योत्स्नाताईंना त्याचा इतका आनंद झाला की पूजासाहित्याचा दुकानदार काय झालं ते बघायला बाहेर आला.

तेव्हापासून दर शनिवारी ज्योत्स्नाताई तासभर गल्लीत येऊन बसू लागल्या. नवसाबाईंच्या नावाची पाटी त्यांनीच रंगवून घेतली. पाटी आली तेव्हा नवसाबाईंनी ती लांब धरून बघितली आणि म्हणाल्या, "अक्षरं मला कळत नाय, पर ही दोन फार जवळ आलीत." खरंच, पेंटरची जागा संपत आल्यामुळे शेवटच्या 'दुरुस्ती'तली अक्षरं एकमेकांवर चढली होती. पाटी परत गेली, नीट होऊन आली आणि शटरच्या वर लागली. आता मेस्तरी कुठे असं विचारणाऱ्याला नवसाबाई नुसतं वर बोट दाखवतात.

या वर्षी जानेवारीत ज्योत्स्नाताई एक निरोप घेऊन आल्या. त्यांच्या जुन्या शाळेत दहावीला तोच धडा चालला होता, आणि त्यांनी मुख्याध्यापिकांना सांगितलं होतं की या वेळी शिकवायला नवसाबाई येतील.

"मला येडं समजला का?" नवसाबाई म्हणाल्या. "मी शाळेचं तोंड पाह्यलं नाय."

"मग बघा तरी एकदा."

बुधाने आदल्या दिवशी त्यांच्या चपलांना पॉलिश करून ठेवलं. वर्गात शिरल्या शिरल्या नवसाबाईंनी सळईवर तार गुंडाळायला घेतली. त्यांनी चाळीस मुलांसमोर कॉईल ओढली, शेगडीत बसवली, सगळ्यांना हातभर लांब उभं केलं आणि ज्योत्स्नाताईंना बटण दाबायला सांगितलं. कॉईल आधी काळसर, मग तांबूस, मग एकसारखी लाल झाली. मग नवसाबाईंनी विचारलं, "वायर थंड, कॉईल लाल. का?"

हात वर झाले. एका मुलीने सूत्र घडाघडा म्हणून दाखवलं.

"ते मला येत नाय," नवसाबाई म्हणाल्या. "गल्लीतलं सांग."

मुलगी गोंधळली. ती रामकुंडापाशीच राहणारी निघाली, मग नवसाबाईंनी तिलाच तिच्या घरापर्यंतची वाट सांगायला लावली, कुठे सरळ चालता येतं आणि कुठे धक्के बसतात. सांगता सांगता तिचा चेहरा उजळला आणि ती अर्ध्या वाक्यात थांबून शेगडीकडे बघू लागली. बटण दाबून मागच्या बाकावर जाऊन बसलेल्या ज्योत्स्नाताईंनी तिच्यापेक्षा आधी हात वर केला होता.

तास संपल्यावर मुख्याध्यापिका आभार मानायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, घरी त्यांचा एक रॉड बंद पडलाय, शिपायाबरोबर पाठवला तर चालेल का. ते ऐकून ड्रॉइंगच्या सरांना त्यांची इस्त्री आठवली. शिक्षकांच्या खोलीतली चहाची शेगडी तर दिवाळीपासून कपाटावर होती. शिपायाने ती खाली काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि नवसाबाईंच्या हातात दिली.

रिक्षात बसताना पिशवीत मावेना म्हणून शेगडी ज्योत्स्नाताईंच्या मांडीवर होती. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "मावशी, दुरुस्ती कुठं करून मिळंल ही? आमच्या घरी बी एक पडून हाय."

ज्योत्स्नाताईंनी शेजारी बोट दाखवलं.

"ह्या?" रिक्षावाला म्हणाला.

"शनिवारी आना," नवसाबाई म्हणाल्या. "शनिवारी आमी दोघी असतो."